बिल्ला होता, दाखला नव्हता

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तमिळ मुलखातून सिलोनच्या चहामळ्यांकडे निघालेल्या मजुराजवळ पत्र्याचा एक गोल बिल्ला असे. त्यावर तीन खुणा ठोकलेल्या असत: जिल्ह्याचे अक्षर, मळ्याचा क्रमांक आणि त्या मजुराचा स्वतःचा क्रमांक. बिल्ला दाखवला की आगगाडीत जागा मिळे, बोटीवर मिळे. पैसे रोख मागत नसत. हिशोब मळ्याच्या नावे पडे आणि पुढे मजुराच्या अंगावर कर्ज म्हणून चढे. १९१४ साली धनुष्कोडी ते तलैमन्नार अशी आगबोट दोन्हीकडच्या लोहमार्गांना जोडली गेली आणि हा प्रवास आणखी सरळ झाला. रामेश्वरमच्या अलीकडे मंडपम इथे सिलोन सरकारने भारताच्या भूमीवर स्वतःची छावणी थाटली होती. मजुरांना तिथे काही दिवस वेगळे ठेवून, तपासून, देवी टोचून मगच बोटीवर चढवत. अक्षरओळख नसलेला माणूस गळ्यातल्या पत्र्याच्या जोरावर समुद्र ओलांडून डोंगरातल्या नेमक्या त्याच मळ्यावर जाऊन पोचायचा. याच माणसाला, त्याच्या मुलाला आणि नातवाला १९४८ नंतर स्वतंत्र सिलोनने विचारले की तू कोण आणि कुठला. या प्रश्नाचे शेवटचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात उतरायला २००३ साल उजाडले.

पंचावन्न वर्षांच्या या खोळंब्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे दोन. कारकुनी ढिलाई हे पहिले आणि दोन देशांमधली ओढाताण हे दुसरे. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' म्हणणाऱ्या आपल्या समाजाला पहिले कारण लगेच पटते. दुसरेही खोटे नाही. पण या प्रकरणातले कायदे, आकडे आणि तारखा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या की दोन्ही कारणे तोकडी पडतात. माझे म्हणणे असे की इथली दिरंगाई निर्णयाच्या वाटेत आलेला अडथळा नव्हती. तीच निर्णय होती. ज्यांना नागरिक करायचे नाही आणि ज्यांना हाकलूनही चालणार नाही, अशा माणसांचे काय करायचे, याला सापडलेले सोयीचे उत्तर म्हणजे त्यांचा अर्ज घ्यायचा आणि तो पडू द्यायचा.

ही माणसे तिथे कशी गेली ते थोडक्यात पाहू. इंग्रजांनी कँडीच्या डोंगरांत आधी कॉफी लावली. कॉफीची तोडणी हंगामी असल्यामुळे तिरुच्चिरापल्ली, पुदुक्कोट्टै, मदुरा, सेलम भागांतले मजूर तोडणीपुरते जात आणि परतत. मन्नारच्या किनाऱ्यावर उतरून रानातून मातलेपर्यंत पायी जाण्याच्या त्या वाटेवर पटकी-हिवतापाने किती मेले याचा हिशोब कुणी ठेवला नाही. १८६९ साली कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि पुढच्या दीड-दोन दशकांत कॉफी संपली. तिची जागा चहाने घेतली. जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने लूलेकोंदेरा इथे १८६७ सालीच चहा लावला होता. चहाला बारा महिने हात लागतात आणि कोवळी पाने खुडायला बायांचे हात लागतात. त्यामुळे एकटादुकटा मजूर जाऊन कुटुंबे आली, एका ओळीत बांधलेल्या दहा-बाय-बाराच्या 'लाइनी' उभ्या राहिल्या आणि त्यांत मुले जन्मली. पहाटे तप्पू नावाचा डफ वाजला की 'पेरट्टू'ला, म्हणजे हजेरीला उभे राहायचे, कणक्कपिळ्ळैने, म्हणजे मळ्याच्या हिशोबनिसाने, चेकरोलमध्ये नाव मांडायचे आणि मग टोपली पाठीला लावून वर चढायचे. चेकरोल म्हणजे हजेरीपट. या माणसांच्या आयुष्याची रोजच्या रोज लिहिली गेलेली ती एकमेव नोंद, आणि ती मालकाच्या कपाटात.

भरती करणारा कंगाणी हा त्यांच्याच गावाकडचा, बहुधा त्यांच्याहून वरच्या जातीचा. त्याच्याकडची उचल फिटल्याशिवाय मळा सोडता येत नसे. कर्जाची रक्कम लिहिलेली 'तुंडू' नावाची चिठ्ठी नवा मालक भरून देई तेव्हा मजूर हलायचा. ही पद्धत १९२१ साली बंद झाली. कागदोपत्री मात्र हा मजूर गिरमिट्या, म्हणजे करारबद्ध, नव्हता, 'मोकळा' होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० आणि १९१२ साली कलकत्त्याच्या विधिमंडळात गिरमिटाविरुद्ध ठराव मांडले ते नाताळ, फिजी, वेस्ट इंडीजकडे जाणाऱ्या करारबद्ध मजुरांसाठी. सिलोनचा मजूर करारात नसल्यामुळे त्या लढ्याच्या उजेडात तो फारसा आलाच नाही. पुढे याच 'मोकळेपणा'चा दुसरा अर्थ काढला गेला: करार नाही, मनाला येईल तेव्हा येतो-जातो, म्हणजे तो इथला रहिवासी नव्हे, पाहुणा आहे.

१९३१ साली सिलोनमध्ये प्रौढ मताधिकार आला आणि हा पाहुणा अचानक मतदार झाला. तेव्हापासून कोलंबोतल्या राजकारण्यांच्या कपाळाला आठी पडली. भारतीय मतदारांसाठी वास्तव्याच्या वेगळ्या कसोट्या लावण्यात आल्या. १९३९ साली सरकारी खात्यांतल्या रोजंदारीवरच्या भारतीयांना कामावरून काढायला सुरुवात झाली, नेहरू कोलंबोला जाऊन आले, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये भारत सरकारने अकुशल मजुरांना सिलोनला जायला बंदी केली. या बंदीची तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, पुढे ती कामाला येईल. याच सुमारास एक मराठी माणूस या प्रश्नाच्या मध्यभागी आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांचे खाते सांभाळत होते. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या उपवासाच्या वेळी त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षी ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले. १९४७ पर्यंत ते तिथे होते. सिलोनची नवी राज्यघटना ठरत होती ती हीच वर्षे. केगल्ल जिल्ह्यातल्या नेव्हस्मायर मळ्याची जमीन गावकऱ्यांना वाटण्यासाठी सरकारने घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या मजुरांना लाइनी सोडायला सांगितले, त्यावर मळ्यामळ्यांत संप पेटला, तेही याच काळात, १९४६ साली. 'आम्ही इथलेच' हे वाक्य मजुरांनी अर्जात लिहिण्याआधी संपात म्हटले होते, हे इथे नोंदवायला हवे. १९४७ च्या निवडणुकीत सिलोन इंडियन काँग्रेस या मळेमजुरांच्या पक्षाने सात जागा जिंकल्या आणि आणखी काही मतदारसंघांत मजुरांची मते डाव्यांच्या पारड्यात पडली. पुढच्याच वर्षी कायदा आला.

तो कायदा एकदा जवळून पाहायला हवा, कारण खोळंब्याचे बी त्याच्या कलमांत आहे. १९४८ च्या नागरिकत्व कायद्यात 'भारतीय' किंवा 'तमिळ' हे शब्द कुठेही नाहीत. सिलोनमध्ये जन्मलेल्याने आपला बाप तिथे जन्मल्याचे दाखवावे, नाहीतर आजा आणि पणजा दोघेही तिथे जन्मल्याचे दाखवावे, एवढेच त्यात म्हटले आहे. आता १९४८ साली चाळिशीत असलेल्या माणसाच्या बापाचा जन्म १८७०-८० च्या सुमारचा. त्या काळातल्या जन्माचा दाखला सिंहली खेड्यातल्या किती शेतकऱ्यांना काढता आला असता? बहुतेकांना नाहीच. पण त्यांना तो कुणी मागितला नाही. नावावरून, गावावरून ते नागरिक धरले गेले. मळ्यातल्या माणसाला मात्र तो मागितला गेला. कायदा सगळ्यांना एकच आणि पुराव्याचे ओझे निवडक खांद्यांवर, ही युक्ती पुढेही अनेक देशांत वापरली गेली आहे.

ज्यांना या वाटेने जाता येणार नाही त्यांच्यासाठी १९४९ साली दुसरा कायदा झाला. त्यात अर्ज करून नागरिकत्व मिळवण्याची सोय होती. विवाहिताने १ जानेवारी १९४६ पूर्वीची सलग सात वर्षे आणि अविवाहिताने सलग दहा वर्षे सिलोनमध्ये राहिल्याचे सिद्ध करायचे. मध्ये सलग बारा महिन्यांहून जास्त बाहेर राहिले की सलगपणा तुटला. बायको लग्नानंतर वर्षभराच्या आत तिथे राहायला आलेली हवी आणि तेव्हापासून सलग राहिलेली हवी. चरितार्थाचे साधन हवे. अर्जाची मुदत दोन वर्षे, ५ ऑगस्ट १९५१ पर्यंत. अर्ज आला की चौकशी अधिकारी, मग उपायुक्त, मग आयुक्त. मंजूर करायचा असेल तर आधी जाहीर सूचना, कुणाची हरकत आहे का ते पाहायचे. नामंजूर करायचा असेल तर अर्जदाराला नोटीस, त्याचा खुलासा, सुनावणी, त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील. कागदावर हे अगदी न्याय्य दिसते. आता हा कागद लाइनीतल्या माणसाच्या हातात ठेवून पाहा. नावे लिहिणारा कणक्कपिळ्ळै. त्याने एका मळ्यावर 'मुत्तुसामी' लिहिले, दुसऱ्यावर 'मुत्तू', आणि बापाच्या नावाचे आद्याक्षर कधी घातले, कधी गाळले. पुरावा म्हणजे चेकरोल, तो मालकाकडे. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी पुदुक्कोट्टैला गेली आणि वर्ष उलटून आली, तर नवऱ्याचाही अर्ज अडकला. चौकशी इंग्रजीत, मजूर तमिळ बोलणारा, आणि सुनावणीला गेले की त्या दिवसाची मजुरी बुडाली. अशा रचनेत एकेक अर्ज वर्षानुवर्षे रेंगाळायला कारकून आळशी असण्याची गरज नाही. कामसू कारकूनही तेवढाच वेळ लावेल.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. नवा देश आपले नागरिक कोण हे तपासून घेणारच. शिवाय कँडीच्या डोंगरी सिंहली शेतकऱ्याची जखम खरी होती. १८४० च्या वटहुकमाने पडीक आणि राखीव चराईची जमीन सरकारजमा झाली, ती मळेवाल्यांना विकली गेली, आणि गावाच्या डोक्यावर परक्या माणसांची वस्ती उभी राहिली. १९४६ च्या जनगणनेत भारतीय तमिळ पावणेआठ लाखांच्या वर, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ बारा टक्के होते. चोरट्या नावांतून येणारेही होते. 'कळ्ळतोणी', म्हणजे चोरनावेने आलेला, हा शब्द तेव्हाचाच, आणि पुढे तो सरसकट सगळ्या मळेमजुरांना शिवीसारखा चिकटला. हे सगळे मान्य करूनही प्रश्न उरतोच. जमीन हिरावली गोऱ्या सरकारने, राबवून घेतले गोऱ्या कंपन्यांनी, आणि स्वातंत्र्यानंतर मळे त्या कंपन्यांकडेच राहिले. भांडवलाला कुणी पणज्याचा दाखला विचारला नाही. तपासणीचेच म्हणाल तर १९३९ ची बंदी इथे आठवावी. त्या ऑगस्टपासून मळ्यांवरची अकुशल मजुरांची भरती भारतानेच थांबवली होती. म्हणजे चेकरोलवर असलेला माणूस त्याआधीपासून तिथे आहे किंवा तिथेच जन्मला आहे असे गृहीत धरून, शंका येईल त्याच्यापुरती तपासणी करता आली असती. सरकारने गृहीतक उलटे धरले: प्रत्येक जण बाहेरचा, जोवर तो स्वतः उलट सिद्ध करत नाही. आठ लाख माणसांच्या बाबतीत असे गृहीतक धरणे म्हणजे किती वेळ लागणार ते आधीच ठरवणे.

दुसरा आक्षेप असा की मजुरांनी, निदान त्यांच्या पुढाऱ्यांनी, आपल्या हातानेच उशीर केला. यात तथ्य आहे. सिलोन इंडियन काँग्रेसने सुरुवातीला या कायद्यावर बहिष्कार घातला, मुदतीतला मोलाचा काळ त्यात गेला, आणि शेवटी शेवटी अर्जांची झुंबड उडाली. या काँग्रेसच्या सौमियमूर्ती तोंडमानांसारख्या धूर्त नेत्याचा हा अंदाज चुकला असे म्हणायला हरकत नाही. पण बहिष्कार करूनही जवळजवळ २,३७,००० अर्ज मुदतीच्या आत दाखल झाले आणि त्यांत सुमारे ८,२५,००० माणसांची नावे होती. म्हणजे जवळपास सगळी वस्ती. उशीर झाला असेल तर तो अर्ज देण्यात काही महिन्यांचा. अर्ज निकालात निघायला साठीचे दशक उजाडले. आणि निकाल काय, तर ८,२५,००० पैकी साधारण १,३४,००० माणसांना नागरिकत्व मिळाले. शंभरात सोळा. दरम्यान १९४९ च्याच आणखी एका कायद्याने मताधिकार नागरिकांपुरता मर्यादित केला, त्यामुळे अर्ज पडून असलेल्या प्रत्येकाचे मत त्या दिवशीच गेले. याला आव्हान देणारा केगल्लचा एक खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. १९५३ साली निकाल आला की कायद्यात कोणत्याही जमातीचे नाव नाही, आणि नागरिक कोण हे ठरवण्याचा अधिकार संसदेला आहे. १९४७ साली ज्यांचे सात खासदार होते त्यांचा १९५२ साली एकही निवडून आला नाही. अर्ज नामंजूर झालेला आणि अर्ज प्रलंबित असलेला, दोघांची त्या मतदानाच्या दिवशीची अवस्था एकच होती. म्हणून खोळंबा हाच निर्णय होता असे मी म्हणतो. नामंजुरीवर निदान अपील करता येते. नुसत्या प्रलंबिततेविरुद्ध कुठे जायचे?

थांबण्याची किंमत मतापुरती नव्हती. देशविहीन माणसाला सरकारी नोकरी नाही, सरकारी जमिनीचे वाटप नाही, पासपोर्ट नाही. मळा सोडून दुसरीकडे पोट भरायचे म्हटले तर जाणार कुठे? मळ्याला हे सोयीचेच होते. पूर्वी तुंडूने जे काम केले ते आता प्रलंबित अर्ज करू लागला: माणूस लाइनीला बांधून ठेवण्याचे. कंपन्यांनी असे कटकारस्थान रचले असे मला म्हणायचे नाही, तसा पुरावा नाही. पण या खोळंब्यात कोलंबोतल्या पक्षांना मतांची, मळेवाल्यांना स्वस्त आणि अचल मजुरांची सोय होती, एवढे दिसते. आणि ज्यात इतक्यांची सोय असते ते लवकर संपत नाही.

दिल्लीला यातून वेगळे काढता येणार नाही, जरी तिची बाजू सुरुवातीला तत्त्वाची होती. नेहरूंची भूमिका अशी की ही माणसे सिलोनचीच आहेत. ज्याला स्वेच्छेने भारतीय व्हायचे असेल त्याने घटनेच्या आठव्या कलमाखाली वकिलातीत नोंद करावी, पण सिलोनने नाकारले म्हणून तो आपोआप भारतीय ठरत नाही. वंशावरून नागरिकत्व ठरवायचे तर ब्रह्मदेशापासून फिजीपर्यंतच्या प्रत्येक भारतवंशीयाला उद्या हाकलता येईल, ही त्यांची भीती रास्तच होती. परिणाम मात्र असा झाला की सिलोन म्हणे हे भारताचे, भारत म्हणे हे सिलोनचे, आणि दोन्ही सरकारे आपापल्या जागी बरोबर असताना नऊ-दहा लाख माणसे मधल्या पोकळीत राहिली. १९५४ च्या जानेवारीत नेहरू आणि सिलोनचे पंतप्रधान कोटेलावाला यांनी करार केला, त्यात नोंदणीचे काम दोन वर्षांत उरकण्याचा मनोदय होता. दोन वर्षांत काही उरकले नाही.

नेहरू गेल्यावर पाच महिन्यांत, ३० ऑक्टोबर १९६४ रोजी, लालबहादूर शास्त्री आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्या सहीने नवा करार झाला आणि तत्त्वाची जागा अंकगणिताने घेतली. माणसे ९,७५,०००. पैकी ५,२५,००० भारताने घ्यायची, ३,००,००० सिलोनने, उरलेल्या १,५०,००० चे नंतर पाहू. ते १९७४ साली इंदिरा गांधी आणि बंदरनायके यांनी निम्मे निम्मे वाटून घेतले. मुदत पंधरा वर्षे. कुणाला कुठे राहायचे आहे हे करार करण्यापूर्वी विचारले गेले नाही. नंतर विचारले तेव्हा उत्तर आकड्यांशी जुळेना: भारताच्या नागरिकत्वासाठी सुमारे चार लाखांचे अर्ज आले आणि सिलोनच्या नागरिकत्वासाठी सहा लाखांहून जास्त लोकांनी मागणी केली. ज्या देशाने तीन लाख घ्यायचे कबूल केले होते तिथे दुपटीहून जास्त लोक दार ठोठावत उभे. त्यातून नवा खोळंबा तयार झाला, आणि या वेळी तो करारातच लिहिलेला होता, कारण प्रमाण ठरले होते सातास चार. सात जण भारताच्या खात्यात गेले की चौघांना सिलोनचे नागरिकत्व. पुढे कोलंबोत सत्ताबदल झाल्यावर हा हिशोब भारताच्या कागदी मंजुरीऐवजी प्रत्यक्ष रवानगीशी जोडला गेला. म्हणजे हॅटनच्या मळ्यावरच्या एखाद्या बाईचा अर्ज तिच्या कागदपत्रांवर अवलंबून राहिला नाही. तलैमन्नारला बोटीत कोण चढले यावर तो अवलंबून राहिला. बोटीत चढणाऱ्याचे आणखी वेगळे. भारताचा पासपोर्ट मिळाला तरी भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम मळ्याकडून सुटेपर्यंत निघता येत नसे, आणि ती सुटायला पुन्हा अर्ज.

निसर्गानेही यात हात घातला. करारावरची शाई वाळते न वाळते तोच, त्याच डिसेंबरच्या २२-२३ तारखेच्या रात्री चक्रीवादळाने धनुष्कोडी गाव, स्थानक आणि धक्का सगळे पुसून टाकले. बोट रामेश्वरमला हलवावी लागली. तरीही माणसे येत राहिली. नीलगिरीत कोटगिरी, कुन्नूर, गुडलूर भागांत तमिळनाडू सरकारने त्यांच्यासाठी चहाचे मळे काढले, तिथे त्यांनी पुन्हा टोपली पाठीला लावली. 'परतलेले' म्हणून ज्यांची नोंद झाली त्यांतल्या बहुतेकांनी भारत पूर्वी पाहिलेला नव्हता. एकूण सुमारे ४,६१,००० माणसे आली, त्यांत करारानंतर जन्मलेली मुलेही धरलेली आहेत. १९८३ साली कोलंबोत आणि डोंगरात तमिळांची कत्तल झाली, लवकरच बोट बंद पडली, आणि भारताचे पासपोर्ट हातात असलेली सुमारे ८४,००० माणसे लाइनींतच अडकून राहिली. त्यांच्यासाठी भारत हा पासपोर्टवरचा शिक्का राहिला.

आता तारखांचा खेळ बघा. १९७७ साली, तीस वर्षांनी, तोंडमान निवडून आले आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष जयवर्धनेंच्या मंत्रिमंडळात बसले, कारण जुन्या आणि नव्या नोंदणीच्या नागरिकांची मते आता मोजण्याइतकी झाली होती. १९८६ च्या जानेवारीत पोंगलपासून मळ्यांवर 'प्रार्थना' सुरू झाली. संप म्हणायचे नाही. सकाळी कामावर न जाता देवळापुढे बसायचे आणि दुपारी टोपली उचलायची. चहाची खुडणी सकाळीच भरात असते हे मालकाला आणि मंत्र्याला दोघांनाही ठाऊक. काही दिवसांतच भारत आणि श्रीलंका (सिलोनचे आता हेच नाव होते) यांच्यात आकडे जुळले: भारताने ५,०६,००० जणांचे अर्ज निकाली काढायचे, आणि उरलेल्या ९४,००० देशविहीनांना श्रीलंकेने आपले म्हणायचे. ती मंजुरीही रेंगाळली. मग १९८८ साली डिसेंबरात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली आणि तिच्या तोंडावर नवा कायदा झाला, त्याने अर्ज-चौकशीचे लचांड काढून टाकून साध्या प्रतिज्ञापत्रावर नागरिकत्व द्यायचे ठरवले. चाळीस वर्षे जे कागद सापडत नव्हते त्यांची गरज मतदानाच्या हंगामात संपली.

शेवटचा कायदा ऑक्टोबर २००३ मध्ये संसदेने केला. ३० ऑक्टोबर १९६४ पासून श्रीलंकेत कायम राहणारा भारतवंशीय आणि त्याची संतती, हे सगळे नागरिक. भारतीय पासपोर्ट असलेल्यानेही एक साधी घोषणा भरून दिली की पुरे. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था, सरकारी अधिकारी आणि मजूर संघटनांचे कार्यकर्ते मळ्यामळ्यांवर गेले, आणि डिसेंबरमध्ये अवघ्या दहा दिवसांत १,९०,००० हून अधिक लोकांचे काम झाले. अर्ज तपासायला वेळ लागतो, या युक्तिवादाला याहून मोठे उत्तर मला माहीत नाही. कुणी म्हणेल, २००३ ची तुलना १९५१ शी करणे बरोबर नाही. तोवर साडेचार लाख माणसे निघून गेली होती, उरलेल्यांची भीती कुणाला वाटत नव्हती, यादवीने होरपळलेल्या देशाला आणखी एक असंतुष्ट गट नको होता. हे मला मान्य आहे. पण मग हेही मान्य करावे लागते की बदललेली गोष्ट राजकारणाची गरज होती. माणसांचे कागद १९५१ साली जितके अपुरे होते तितकेच २००३ सालीही होते, किंबहुना जास्त जीर्ण. पुराव्याचे ओझे अर्जदाराच्या डोक्यावरून उतरवले आणि दहा दिवस पुरले.

या दहा दिवसांत एक गट मात्र आलाच नाही, कारण तो तेव्हा श्रीलंकेत नव्हता. १९८३ नंतर जीव वाचवून तमिळनाडूत आलेल्या निर्वासितांमध्ये हजारो जण मूळचे मळ्यांतले आहेत. त्यांच्यातल्या अनेकांची कुटुंबे १९६४ च्या हिशोबात भारताच्या रकान्यात मांडली गेली होती, पण ते ठरल्याप्रमाणे कागद घेऊन बोटीने न येता मिळेल त्या नावेने, विनापासपोर्ट आले. म्हणून भारताच्या कायद्यात ते बेकायदा स्थलांतरित ठरले आणि नागरिकत्वाचा अर्ज करायलाही अपात्र झाले. २००९ साली श्रीलंकेने कायद्यात दुरुस्ती करून परदेशात अडकलेल्यांसाठीही दार किलकिले केले, पण छावणीत जन्मून तिथेच मोठी झालेली, तमिळनाडूच्या शाळेत शिकलेली पिढी तिकडे कशाला जाईल? अशा ६५ जणांच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने जून २०१९ मध्ये निकाल दिला: त्यांनी नव्याने अर्ज करावेत आणि केंद्र सरकारने सोळा आठवड्यांत त्यांवर निर्णय घ्यावा. ते सोळा आठवडे त्याच वर्षी संपले.

या निर्वासितांना जिथे ठेवले गेले त्यांतली एक छावणी मंडपमची आहे. जाणाऱ्यांना देवी टोचून बोटीवर चढवणारी तीच. बोटीने 'परतलेल्यां'ना उतरवून घेणारी तीच. २०२१ साली तमिळनाडू सरकारने अशा सगळ्या छावण्यांच्या नावातून 'निर्वासित' हा शब्द काढून 'पुनर्वसन' हा शब्द घातला. पाट्या बदलल्या, संध्याकाळची हजेरीची वही तशीच चालू राहिली.